तारीख कुठून मोजायची, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या मुलींसाठी प्रजनन आरोग्यावर सत्र घ्यायचं आहे. त्याआधी तुम्ही एक प्रश्नावली वाटलीत. पाळी, गर्भनिरोधक गोळ्या, कंडोम, लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार, सगळ्यांपुढे जवळपास सगळ्या मुलींनी ‘माहीत आहे’वर खूण केली. मग आता शिकवायचं काय?

पुष्कळ काही. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि गेली २२ वर्षं विद्यापीठातल्या मुलींची ओपीडी बघते. त्यांच्या ‘माहीत आहे’ला मी खोटं म्हणणार नाही, मुली प्रामाणिकपणे लिहितात. शब्द त्यांना माहीत असतातच. पण हा शब्द माझ्या शरीरात, माझ्या या महिन्यात, आज कुठे बसतो, हे विचारलं की त्या अडतात. आणि बहुतेक वेळा हे अडणं दिवसांच्या हिशेबापाशी असतं.

एक दुपार सांगते. विज्ञान शाखेची, पदव्युत्तर पहिल्या वर्षाची मुलगी. हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट, चार घड्या घातलेला. पाळी चुकली म्हणून तिने टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली, आणि त्या दिवशी सकाळी सोनोग्राफीत लिहून आलं: ‘६ आठवडे ३ दिवस’. ती मला म्हणाली, “मॅडम, मशीन चुकलंय. संबंध एकदाच आला, त्याला आज ३१ दिवस झाले. सहा आठवडे कसे होतील?” मशीनची शंका हे तिचं खरं दुखणं नव्हतं. रिपोर्ट तिच्या मित्रानेही वाचला होता, आणि दिवस मोजून त्याने तिला विचारलं होतं, की मग आधी कोण होतं?

मी एक पाठकोरा कागद घेतला. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून त्या दिवसापर्यंत एकेका दिवसाची एक उभी रेघ ओढली. दोन टोकांना दोन तारखा लिहिल्या आणि तिला म्हटलं, आता आजपासून मागे ३१ मोज. तिचं बोट मोजत मोजत मागे गेलं आणि पाळी सुरू झाल्यानंतरच्या दोन आठवड्यांपाशी थांबलं. गर्भाचे आठवडे संबंधाच्या दिवसापासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं, तरी ते हिशेबात धरलेले असतात. चक्र २८ दिवसांचं असेल तर पाळी चुकते त्याच दिवशी बाई ‘चार आठवड्यांची गरोदर’ ठरते. पद्धत अशी पडली, कारण स्त्रीबीज बाहेर पडलेलं कुणाला दिसत नाही. पाळी सुरू झाल्याची तारीख मात्र सांगता येते. जर्मन डॉक्टर फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने प्रसूतीची तारीख काढण्याचं जे सूत्र आजही वापरतात, त्याचे २८० दिवससुद्धा याच तारखेपासून सुरू होतात. सोनोग्राफी गर्भाची लांबी मोजते, पण आठवडे सांगताना तीही हीच भाषा बोलते.

ती बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “हा कागद मी नेऊ का? त्याला दाखवायला.” बीजकोष, गर्भनलिका, गर्भाशय, या सगळ्याची आकृती तिने डोळे मिटून काढली असती. तुमच्या प्रश्नावलीत तिला पैकीच्या पैकी गुण पडले असते.

म्हणून प्रश्न बदला. ‘इमर्जन्सी गोळीबद्दल ऐकलं आहे का?’ याने काही कळत नाही. त्याऐवजी असं विचारून बघा: पाळी ३ तारखेला आली, चक्र साधारण ३५ दिवसांचं आहे; दिवस राहण्याची शक्यता सगळ्यांत जास्त कधी? मंगळवारी रात्री कंडोम फाटला. गोळी शुक्रवारी सकाळी घेतली तर चालेल का? चार दिवसांपूर्वी संबंध आला, आज टेस्ट निगेटिव्ह आहे, सुटले का? पाळीचे पहिले दोन दिवस वर्गात बसवत नाही. हे नेहमीचं, की डॉक्टरांना दाखवण्यासारखं? खाली मी साधारण याच क्रमाने लिहिते, कारण मुली अडखळतात त्या जागाही याच.

पहिला प्रश्न. बहुतेक मुली ‘चौदावा दिवस’ लिहितील. हा आकडा पाठ्यपुस्तकातल्या २८ दिवसांच्या चक्राचा आहे, तुमच्या वर्गातल्या मुलीचा असेलच असं नाही. चक्राचे दोन भाग असतात. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा भाग बऱ्यापैकी ठरलेला, सुमारे १४ दिवसांचा, एखाद-दोन दिवस इकडेतिकडे. लांबतो-आखडतो तो पहिला भाग. म्हणून ३५ दिवसांच्या चक्रात स्त्रीबीज साधारण एकविसाव्या दिवशी, म्हणजे आपल्या उदाहरणात २३ तारखेच्या आसपास बाहेर पडेल. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकतं, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदींवरून दाखवलं, की दिवस राहण्याचे दिवस सहा असतात: स्त्रीबीज बाहेर पडण्याआधीचे पाच आणि तो एक. म्हणजे १८ ते २३ तारीख. त्यातही शेवटचे दोन-तीन दिवस सगळ्यांत जोखमीचे.

याच गटाचा २००० सालचा निष्कर्ष मी प्रत्येक सत्रात सांगते. पुस्तकं ज्यांना ‘धोक्याचे दिवस’ म्हणतात त्या १० ते १७ या दिवसांच्या आत हे सहाही दिवस बसले, अशा स्त्रिया फक्त सुमारे ३० टक्के निघाल्या. पाळी अगदी नियमित आहे म्हणणाऱ्यांचंही स्त्रीबीज कधी आधी, कधी उशिरा बाहेर पडत होतं. मोबाइलमधलं पाळीचं ॲप मागच्या महिन्यांची सरासरी काढून पुढचा अंदाज सांगतं. परीक्षा, जागरण, ताप, प्रवास यांनी या महिन्यात स्त्रीबीज आठवडाभर पुढे गेलं, तर ते त्याला कळत नाही. पाळीच्या नोंदी ठेवायला ॲप उत्तम आहे, त्यासाठी मी ते आवर्जून वापरायला सांगते. पण त्यात हिरव्या रंगाने दाखवलेल्या ‘सुरक्षित’ दिवसांवर विसंबून संबंध ठेवू नयेत. ‘पाळी चालू असताना दिवस राहत नाहीत’ हेही याच हिशेबात तपासा. चक्र २२ दिवसांचं असेल तर स्त्रीबीज आठव्या दिवशी बाहेर पडतं. पाचव्या दिवशी संबंध आला, तर शुक्राणू वाट बघत बसलेले असतात.

आता फाटलेला कंडोम. एक मुलगी आठवते. गोळी तिने त्याच रात्री आणून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पेपर, तिसऱ्या दिवशी पेपर. गोळीने मळमळलं तर काय, म्हणून ती स्ट्रिप दोन दिवस कंपासपेटीत राहिली. साठाव्या तासाला तिने गोळी घेतली आणि निर्धास्त झाली, कारण पाकिटावर ‘७२ तासांच्या आत’ लिहिलं होतं. गोळीचं हे वाचन मला फार वेळा दिसतं. ७२ तास ही वीजबिलाच्या शेवटच्या तारखेसारखी मुदत नाही, की शेवटच्या क्षणी भरलं तरी तेच. ही इमर्जन्सी गोळी, म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी, स्त्रीबीज बाहेर पडणं पुढे ढकलते, एवढंच तिचं काम. मेंदूकडून स्त्रीबीज सोडण्याचा जोराचा इशारा निघून गेला, की तिचा उपयोग फारसा उरत नाही. तो इशारा पहिल्या रात्री निघेल की तिसऱ्या, हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून गोळी हातात आली की त्या क्षणी घ्यायची. त्या मुलीची तीन आठवड्यांनी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली. तोवर ती दर दोन दिवसांनी ओपीडीच्या दारात उभी होती.

युलिप्रिस्टल ही दुसरी गोळी १२० तासांपर्यंत चालते आणि स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या अगदी तोंडावरही काम करू शकते. ती घेतल्यावर रोजची गर्भनिरोधक गोळी लगेच सुरू करायची नाही, पाच दिवस थांबायचं. सगळ्यांत खात्रीचा उपाय गर्भाशयात बसवायची कॉपर-टी; पाच दिवसांच्या आत बसवली तर शंभरातल्या नव्व्याण्णवांहून अधिक जणींना दिवस राहत नाहीत, आणि पुढची कित्येक वर्षं ती तिथे काम करत राहते. ज्या मुलींचं वजन ७० किलोच्या वर आहे त्यांना लेव्होनॉरजेस्ट्रेल कमी लागू पडण्याची शक्यता असते. त्यांनी या दोन पर्यायांबद्दल विचारावं. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते.

दोन भीती मुलींच्या मनात घट्ट असतात. एक, ही गोळी घेतली तर पुढे मूल होणार नाही. तसं काही नाही, एकदा घेऊनही नाही आणि चारदा घेऊनही नाही. चारदा घ्यावी लागली तर रोजचं साधन नीट निवडायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी भीती, ही गोळी गर्भ पाडते. राहिलेल्या गर्भाला ती काहीही करत नाही. मुलींना सहसा माहीत नसलेली गोष्ट वेगळीच आहे: गोळीने स्त्रीबीज पुढे ढकललं, म्हणजे ते नंतर येणार. त्याच महिन्यात, आठ दिवसांनी, ‘मी तर गोळी घेतलीय’ म्हणून पुन्हा बिनकंडोमचा संबंध आला, तर तो नेमका त्या पुढे ढकललेल्या बीजाच्या वेळी येऊ शकतो. मी अशा गरोदर मुली पाहिल्या आहेत. आणि गोळीनंतर चार-पाच दिवसांनी थोडं रक्त गेलं तर ती पाळी आली असं समजू नये. ठरलेल्या तारखेला आठवडा उलटूनही पाळी आली नाही, तर टेस्ट.

टेस्टचाही हिशेब आहे. लघवीच्या पट्टीला जे संप्रेरक सापडतं ते गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजल्यावर तयार होऊ लागतं, आणि रुजायला स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून साधारण ६ ते १२ दिवस लागतात. चौथ्या दिवशीच्या निगेटिव्हला अर्थ नाही. पाळी चुकल्यावर, किंवा पाळीच्या तारखाच धड नसतील तर संबंधाला २१ दिवस झाल्यावर केलेली टेस्ट निगेटिव्ह आली, तर विश्वास ठेवा. सकाळची पहिली लघवी, पट्टीवर लिहिलेली मिनिटं, बस्स. तासाभराने उमटलेली पुसट रेघ मोजायची नाही.

रोजच्या साधनांबद्दल मुली विचारतात, ‘सगळ्यांत चांगलं कोणतं?’ मी उलट विचारते, रोज ठरावीक वेळी गोळी आठवेल का? अमेरिकेतली आकडेवारी सगळीकडे वापरली जाते ती अशी: वर्षभर नेहमीच्या, माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांसकट वापर धरला, तर १०० जणींत कंडोमवर विसंबणाऱ्या सुमारे १३ आणि रोजच्या गोळीवर विसंबणाऱ्या सुमारे ७ जणींना दिवस राहतात, ‘वेळेवर बाहेर काढतो’ या भरवशावर सुमारे २०. काटेकोर वापरात गोळीचा आकडा एकाच्याही खाली जातो. कॉपर-टीचा दोन्हीकडे एकाच्या आतच राहतो, कारण तिथे लक्षात ठेवायचं काही नसतं. गोळ्यांचं पाकीट पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केलं तर लगेच संरक्षण, एरवी कुठल्याही दिवशी सुरू केलं तर पहिले सात दिवस कंडोम. गोळी विसरण्यात सगळ्यांत वाईट जागा पाकिटाचा आरंभ आणि शेवट. कारण दोन पाकिटांच्या मधल्या सात दिवसांच्या सुट्टीत बीजकोष जागे व्हायला लागलेले असतात आणि विसरलेल्या दिवसांनी ती सुट्टी लांबते. डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा येत असतील, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेली असेल, तर इस्ट्रोजेन असलेली गोळी नको, हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधं गोळीचा परिणाम कमी करतात. सर्दी-खोकल्यावर देतात ती नेहमीची अँटिबायोटिक्स करत नाहीत. आणि परीक्षेसाठी पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉनची गोळी हे गर्भनिरोधक नाही. हा घोळ दर सत्रात निघतो.

इथवर जे लिहिलं त्याला घाई असते, म्हणून मुली स्वतःहून येतात. दुखण्याचं तसं नाही. दुखणं अंगावर काढतात. सोळाव्या वर्षापासून काढत आलेल्या असतात, म्हणून विसाव्या वर्षी त्यांना ते दुखणं वाटतही नाही. पाळीत ओटीपोटात कळ येते ती प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांनी गर्भाशय आवळल्यामुळे. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडसारखी औषधं ती द्रव्यं तयार होणंच कमी करतात. म्हणजे औषध कळ सुरू होताच, किंवा तारीख नक्की असेल तर किंचित आधी घ्यायचं, काहीतरी खाऊन, आणि पहिले दीड-दोन दिवस ठरावीक वेळाने. मुली मात्र ‘गोळ्या कमी खाव्यात’ म्हणून दात आवळून बसतात, दुखणं शिगेला पोचल्यावर एक गोळी घेतात, आणि मग म्हणतात मला गोळी लागूच पडत नाही. (जठरात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा अशा गोळ्यांनी उसळणारा दमा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.)

नीट घेऊनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, वर्ग बुडतोच आहे, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं आहे, तर एंडोमेट्रिओसिसचा विचार व्हायला हवा. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, बीजकोषावर, आतड्याजवळ वाढतं असा हा आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो, आणि निदानाला कित्येक वर्षं लागतात. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाही असं होत नाही. तुमच्या सत्रात दुसरं काही जमलं नाही तरी एक वाक्य जरूर सांगा: पाळीमुळे दर महिन्याला वर्ग बुडत असेल, तर ते दाखवायचं असतं.

रक्तस्रावाचंही तेच. ‘जास्त जातं’ म्हणजे किती, याचं माप घरात कुणी बोलत नाही. आई आणि बहीण दोघींनाही तसंच जात असेल तर ते नेहमीचं ठरतं. पॅड तासा-दोन तासांत भिजतं, रात्री उठून बदलावं लागतं, मोठ्या गाठी पडतात, आठ दिवस उलटले तरी थांबत नाही, यातलं काहीही असेल तर तपासणी हवी. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघावं, कारण तो आधी रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. मधल्या काळात मुलगी थकलेली असते, अभ्यासात मन लागत नाही, आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’. पहिल्या पाळीपासून असं असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, सहज काळे-निळे डाग पडत असतील, तर रक्त गोठण्यातला दोष, उदाहरणार्थ फॉन विलेब्रांड आजार, शोधावा. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ साली ज्या कुटुंबावरून हा आजार पहिल्यांदा मांडला, त्या घरातली ऑलँड बेटांवरची मुलगी आधी पाच वर्षांची असताना तपासायला आली होती. पुढे ती कोवळ्या वयात, चौथ्या पाळीच्या रक्तस्रावाने गेली. आज या आजारावर औषधं आहेत. अडतं ते ‘जास्त जातं’ हे कुणाला सांगण्यापाशी.

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) हा शब्द तुमच्या प्रश्नावलीत प्रत्येकीला माहीत असेल आणि बऱ्याच जणींना ‘मला आहे’ असंही वाटत असेल. इथेही तारीख आडवी येते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, कारण त्या वयात निरोगी बीजकोषातही लहान लहान पुटिका भरपूर दिसतात. तेराव्या वर्षी पाळी आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर ‘पीसीओ’ लिहून येतं आणि ती त्या तीन अक्षरांना घेऊन वर्षानुवर्षं रडते. त्या ‘गाठी’ गाठी नसतात, न पिकलेल्या बीजाच्या पुटिका असतात. निदानासाठी अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरकांची खूण, म्हणजे हनुवटीवरचे जाड केस, हट्टी मुरुमं किंवा रक्तातली वाढलेली पातळी, हे दोन्ही बघावं लागतं, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन या संप्रेरकांचे बिघाड तपासून बाजूला काढावे लागतात. आणखी एक गोष्ट निसटते: अपुरं खाणं, खूप व्यायाम आणि सततचा ताण यांनीही पाळी थांबते. अशा बारीक झालेल्या मुलीला पीसीओएस समजून ‘वजन कमी कर’ सांगितलं, तर तिच्या हाडांचं नुकसान होतं. पाळी ९० दिवस आली नाही तर, कारण काहीही असो, डॉक्टरांकडे जावं.

आणि ज्यांना खरंच पीसीओएस आहे त्यांचा उलटा गैरसमज असतो: मला कुठे दिवस राहणार, साधन कशाला? स्त्रीबीज क्वचित बाहेर पडतं, याचा अर्थ कधीच पडत नाही असा नाही. कधी पडेल ते सांगता येत नाही, इतकाच.

अंगावरून पांढरं जाण्याबद्दल थोडक्यात. चक्राच्या मधोमध पारदर्शक, तार सुटणारा स्राव येतो, पाळीआधी तो दाट-पांढरा होतो, दोन्ही निरोगी. खाज, जळजळ, दह्यासारख्या गुठळ्या, माशासारखा वास, हिरवट-पिवळा रंग, यातलं काही असेल तर तपासून औषध. योनीमार्गाचं आम्लपण आतले जिवाणूच राखतात, साधारण ३.८ ते ४.५ पीएच. सुगंधी वॉशने ते बिघडतं. बाहेरून साधं पाणी पुरतं, आतून काहीच नको.

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांत मुलींना एचआयव्हीचं नाव पाठ असतं. क्लॅमिडियाचं नसतं, आणि या वयात सर्वाधिक आढळणाऱ्यांत तो आहे. बहुतेक मुलींना त्याची काहीही लक्षणं नसतात, आणि तो गर्भनलिकांपर्यंत चढला तर पुढे मूल होण्यात किंवा गर्भ नळीत राहण्यात त्याची किंमत मोजावी लागते. इथेही दिवस मोजावे लागतात: संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेली तपासणी फसवी. क्लॅमिडियासाठी दोन आठवडे, एचआयव्हीच्या हल्लीच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीसाठी ४५ दिवस. मात्र जबरदस्ती झाली असेल तर थांबायचं नाही. एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितक्या लवकर तितकं बरं, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. तोपर्यंत तक्रार करायची की नाही हे तिने ठरवलेलं असलंच पाहिजे असं नाही. औषध आधी.

एचपीव्ही या विषाणूवरची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळण्याची लस बहुतेक मुलींना ‘लहान मुलींची’ वाटते. लहानपणीच द्यावी हे खरं, संबंध सुरू होण्याआधी. पण विद्यापीठाच्या वयातही फायदा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचनेप्रमाणे २० वर्षांपर्यंत एक किंवा दोन डोस, २१ पासून दोन. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सुमारे ७० टक्के वाटा या विषाणूच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांचा आहे. हा विषाणू आणि हा कर्करोग यांचं नातं दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउजेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. लस घेतली तरी पुढे २५-३० व्या वर्षापासूनची तपासणी चुकवायची नाही. संसर्ग ते कर्करोग या प्रवासाला सहसा १५-२० वर्षं लागतात, आणि तपासणी त्या मधल्या वर्षांत त्याला गाठते.

सत्र कसं घ्यावं, याबद्दल माझा अनुभव. व्याख्यान वीस मिनिटांच्या वर नको. दारातच प्रत्येकीला सारख्या आकाराचा कोरा कागद आणि सारखं पेन द्या, म्हणजे अक्षरावरून आणि शाईवरून कुणी ओळखू येणार नाही. ज्यांना प्रश्न नाही त्यांनीही काहीतरी लिहायचं, गाण्याची ओळ लिहिली तरी चालेल. नाहीतर लिहिणाऱ्या चार जणी उठून दिसतात. एकदा माझ्या हातात पाठोपाठ तीन चिठ्ठ्या आल्या. ‘सायकल चालवून पडदा फाटला तर डॉक्टरांना कळतं का?’ ‘मी लग्न करणार नाहीये, तर मला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायची गरज आहे का?’ आणि तिसरीत फक्त, ‘एका बाजूला खूप दुखतंय, टेस्टवर दोन रेघा आहेत, घरी कळेल का?’

पहिलीला मी सांगितलं, की योनीपटलावरून कुणाचा संबंध आला की नाही हे कुठल्याही डॉक्टरला सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०१८ साली अशा तपासण्या बंद कराव्यात असं स्पष्ट म्हटलं आहे. दुसरीला सांगितलं, की पाळी येते तिला आमची गरज पडू शकते, लग्नाचा संबंध नाही. तिसरी चिठ्ठी मी मोठ्याने वाचली नाही. सत्र तिथेच थांबवलं आणि सगळ्यांना उद्देशून म्हटलं, टेस्ट पॉझिटिव्ह आणि एका बाजूला दुखणं, किंवा चक्कर, किंवा खांद्याच्या टोकाला कळ, असं कुणाला असेल तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, नळी फुटली तर जीव जाऊ शकतो, आणि मी आत्ता, पाच मिनिटांत, माझ्या गाडीने रुग्णालयात निघते आहे. ज्यांना यायचं त्यांनी पार्किंगमध्ये या, नाव विचारणार नाही.

दोघी आल्या. एक तीच होती, दुसरी तिची खोलीतली मैत्रीण. गाडीत मी एकच प्रश्न विचारला, शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता? मैत्रिणीने उत्तर दिलं. तिच्या मोबाइलमध्ये दोघींच्या तारखा होत्या.

तुमच्या सत्राच्या दिवशी जवळच्या रुग्णालयात त्या दुपारी कोण स्त्रीरोगतज्ज्ञ असेल ते आधी विचारून ठेवा, आणि गाडीची सोय करा.